पटावरचा दामोदर

बुवांच्या वर्गात मी दोनदा नापास झालो. नापास होण्याचं मला फारसं काही वाटत नाही, शाळेपासूनची सवय आहे. पण परीक्षेला बसलो होतो तो मी नव्हतो, आणि ज्याच्या नावावर बसलो होतो तो माणूस जन्मालाच आलेला नव्हता, हे कोणाला सांगायला जावं तर पंचाईत होते. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी कोनाच्याही नावावर बसले असते तरी नापासच झाले असते." म्हणून आता लिहूनच काढतो.

बुवा म्हणजे नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका कीर्तन महाविद्यालयाचे प्रमुख. महाविद्यालय म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं तिथं काहीच नाही. एक सभागृह, एक कार्यालय आणि मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत बुवा एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. कीर्तन शिकवायचे ते नारदीय पद्धतीचं, म्हणजे हातात चिपळ्या घेऊन उभं राहायचं, पूर्वरंगात निरूपण करायचं आणि उत्तररंगात एखादं आख्यान लावायचं. कीर्तनाला उभे राहिले की त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असायची. शेवटचा जयजयकार झाला रे झाला की लगेच, "काहून गा, पंखा कोनं बंद केला?"

मी तिथं काही कीर्तन शिकायला गेलो नव्हतो. आमची कंपनी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर विकते. नोंदणी, हजेरी, धडे, परीक्षा, निकाल, सगळं एका जागी. मुळात हे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या कोचिंग क्लासेससाठी बनवलं होतं. त्यांच्यातल्या एकानेही ते घेतलं नाही, तेव्हा आमच्या साहेबांना साक्षात्कार झाला की धार्मिक महाविद्यालयांच्या क्षेत्रात स्पर्धा नाही. मग आम्ही निळा रंग काढून भगवा लावला, 'युनिट'च्या जागी 'अध्याय' घातलं आणि 'खास धार्मिक शिक्षणसंस्थांसाठी' असं लिहून मोकळे झालो. एवढं करूनही विद्यार्थ्याचा पूर्वरंगाचा धडा संपला की पडद्यावर 'शाब्बास! तुम्ही प्लेसमेंटच्या एक पाऊल जवळ आलात' अशी पाटी झळकायची. ती कुठून येते ते आमच्यात कोणालाच सापडलं नाही. बुवांनी प्लेसमेंटचा अर्थ विचारला, मी घाम पुसत सांगितला. ते म्हणाले, "राहू दे. तेवढीच पोट्ट्याइले आशा."

माझं पद 'अंमलबजावणी प्रमुख'. हाताखाली कोणीच नव्हतं, त्यामुळे मी माझाच प्रमुख होतो. शिक्षण बी.कॉम. तरी बुवा पहिल्या दिवसापासून मला 'इंजिनिअर' म्हणायला लागले आणि मीही कधी ते दुरुस्त केलं नाही. ग्राहकाशी शुद्ध बोलायचं, अशी साहेबांची ताकीद होती. म्हणून मी उमरेडचा असूनही बुवांशी कंपनीची मराठी बोलायचो, आणि ते माझ्याशी आमच्या घरची.

पहिल्या ऑनलाइन वर्गाला बुवा धोतर, उपरणं, पगडी असा सगळा पोशाख करून आले आणि उभे राहिले. मी म्हटलं, "बुवा, बसून शिकवलं तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना झोपून जेवा म्हणालो होतो. लॅपटॉप टेबलावर, बुवा उभे. त्यामुळे पहिला आठवडाभर विद्यार्थ्यांना गुरूंचं दर्शन झालं ते फक्त पोट आणि चिपळ्या एवढंच. शेवटी मी त्यांच्या मागच्या खोलीतली गव्हाची कोठी ओढत आणली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. कॉलेजात शिकलेल्या सगळ्या विद्येतून त्या घरात मी केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम.

मग आलं म्यूटचं बटण. ते आमच्या सॉफ्टवेअरची शान होतं. एका क्लिकवर सगळ्या वर्गाचे आवाज बंद. मी मोठ्या ऐटीत बुवांना दाखवलं.

"सगळ्याइचे बंद?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचे. फक्त तुमचा आवाज राहतो."

"अन् मी गजर केल्यावर पाठीमांग कोन म्हनंन? तू?"

त्या बटणाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. "बोलनारे गल्लोगल्ली भेटते," ते म्हणायचे, "आयकनारा आहे का नाई, ते त्याच्या आवाजावरूनच समजते." झालं, वर्गभर सगळे माइक उघडे. कोणाचा कुकर, कोणाचं कुत्रं, कोणाच्या घरची भांडणं, सगळं निरूपणात येऊन मिसळायचं. बुवा वैराग्यावर बोलत असायचे आणि मध्येच, "वं बाई, भात झाला तुझा, गॅस बंद कर," म्हणून पुन्हा वैराग्यावर जायचे. विषय तुटला असं कधी वाटायचं नाही. त्यात आमच्या सॉफ्टवेअरला गोंगाट आपोआप गाळायची सोय होती आणि तिने सगळ्यात आधी चिपळ्या गाळल्या. कुत्रं मात्र स्वच्छ ऐकू यायचं. गजर झाला की प्रत्येकाच्या नेटप्रमाणे आवाज मागेपुढे पोहोचायचे. नागपूरचा विठ्ठल आधी, भिवापूरचा नंतर, आणि गडचिरोलीकडचा निरूपण पुढे सरकल्यावर. बुवा त्या शेवटच्या विठ्ठलासाठी थांबायचे. मी घड्याळ दाखवायचो. ते हात वर करून मला गप्प बसवायचे.

माझा दुसरा आग्रह कॅमेऱ्याचा होता. "बुवा, पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे पाहू नका. वर कॅमेऱ्याचं छिद्र आहे त्यात पाहा. म्हणजे प्रत्येकाला वाटेल की तुम्ही त्याच्याकडेच बघताय." हे मी त्यांना रोज सांगायचो. छिद्राच्या बाजूला बायकोची एक लाल टिकलीही चिकटवून दिली, नजर तिथं जावी म्हणून. बुवांनी वर्ग सुरू व्हायच्या आधी ती सोडवली आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "घरी नेऊन दे, शोधत असंन ते."

एकदाच मला वाटलं होतं की आता हे चिडणार. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे एक हिरवी पट्टी असायची, अभ्यासक्रम किती टक्के झाला ते दाखवणारी. भक्तीचे टक्के काढता काय, असं म्हणतील म्हणून मी उत्तरही तयार ठेवलं होतं. बुवा पट्ट्यांवर एकदम खूश झाले. "माही कुठी आहे?" म्हणाले. शिक्षकाला पट्टी नसते म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी मी त्यांना एक खोटी पट्टी करून दिली. ती रोज थोडी पुढे सरकायची आणि सोमवारी पुन्हा मागे यायची, भरायची कधीच नाही. ही पट्टी मात्र त्यांना पूर्णपणे पटली.

आता दामोदर.

नवीन संस्थेत सॉफ्टवेअर बसवलं की आम्ही एक खोटा विद्यार्थी भरतो, नोंदणी नीट चालते का ते बघायला. काम झालं की काढून टाकायचा. मी भरला 'दामोदर उमरेडकर'. पत्ता उमरेडचा, फोन माझाच. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, हातमाग. आमच्या घरात आजोबांपर्यंत मागच होता. मला मात्र उभा धागा कोणता आणि आडवा कोणता हे कोणी विचारलं तर पळ काढावा लागतो. शेवटी एक प्रश्न होता, 'हा अभ्यासक्रम का करायचा आहे?' तो रिकामा सोडता येत नाही, अशी व्यवस्था मीच केली होती. दिवसभर डोकं पिकलं होतं, घरून भाजीवरून फोन येऊन गेला होता. मी टाइप केलं, 'घरी माझं कोणी ऐकत नाही.' आणि दामोदरला काढून टाकायचं साफ विसरलो.

सॉफ्टवेअर हजेरी आपोआप घ्यायचं. तरी बुवा पडद्यावरचा पट वाचून प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायचे. दामोदर उमरेडकर म्हटलं की शांतता. "आला नाई. असंन कामात," म्हणून पुढे जायचे. मला वाटलं, जातील विसरून. पण बुवांनी विद्यार्थ्यांमधल्या एका एसटी कंडक्टरला कामाला लावलं. तो उमरेडच्या गाडीवर असायचा. त्याने विणकरांच्या गल्लीत जाऊन चौकशी केली, आणि नेमकी कोणाकडे, तर माझ्या बाबांकडे. बाबा कोणाला नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "दामोदर? असंन बा, आमच्यातलाच असंन कोनी." कंडक्टरने येऊन सांगितलं, माणूस आहे, फक्त भेटला नाही. बुवांनी त्याच्यासाठी प्रसादाची पुडी पाठवली. ती बाबांनी खाल्ली.

तेव्हा मात्र मी बुवांपुढे जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि पोह्यांवर तर्रीचा तिखट रस्सा ओतून घेत होते.

"म्हन्जे तो नाई?"

"नाही बुवा. नुसती चाचणी होती."

"मंग हे कोनं लिहिलं, घरी माझं कोनी आयकत नाई?"

"मीच. काहीतरी भरावं लागतं म्हणून."

बुवांनी चमचा खाली ठेवला. "बाकीच्याइचं पाह्य. संस्कृती जतन, संस्कृती जतन, संस्कृती जतन. एकमेकाइचं छापलं साऱ्याइनं. साऱ्या वर्गात एकानंच खरं कारण लिहिलं अन् तोच नाई म्हन्ते तू?"

"काढून टाकू का? फक्त तुमची संमती लागेल."

"कीर्तनात येऊन बसलेल्याले उठवत नाई गा, इंजिनिअर. झोपला असंन तरी उठवत नाई."

ही संमतीची अट मीच घातली होती. संस्थाप्रमुखाच्या मंजुरीशिवाय कोणताही विद्यार्थी पटावरून कमी होणार नाही, हे आमच्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसरी अट याहून सुंदर होती. प्रत्येक नावापुढे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण पडल्याशिवाय तुकडीचा निकाल निघायचा नाही. गैरहजर असेल तर निकाल थांबून राहील. तीही माझीच कल्पना, आणि साहेबांनी त्यासाठी माझी पाठ थोपटली होती.

तशात संस्थेचे सचिव आले. ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, सज्जन, पण भाविकतेपेक्षा कागदावर जास्त विश्वास. त्यांनी सरळ सांगितलं, "हे पाहा भाऊ, वार्षिक सभेपुढे पहिल्या बॅचचा रिझल्ट आला तर ऑनलाइन चालू. नाही आला तर बंद. विश्वस्त आधीच कुरकुर करून राहिले." सभा महिन्यावर आली होती. सगळ्यांचा निकाल तयार होता. अडून बसला होता तो फक्त दामोदर.

दुसऱ्याच दिवशी भिवापूरच्या काकूंचा फोन. या काकू वर्गातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. मिरच्यांचे देठ खुडता खुडता वर्गाला बसायच्या, त्यामुळे त्यांच्या माइकमधून अभंगासोबत शिंकाही यायच्या. आवाज असा की बुवा डोळे मिटून ऐकायचे.

"दादा, हा दामोदर कोन आहे हो? त्याच्यापायी साऱ्याइचा निकाल अडकून राह्यला म्हन्ते."

"आहे एक," मी म्हणालो.

"त्याले म्हना, बस न बावा परीक्षेले. माह्या सासूचं अंथरुनातच सारं कराव लागते, मले नागपूरले येता येत नाई. हे बंद झालं तं माहं कीर्तन मिरचीच्या ढिगापाशीच सरलं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "गरीब असंन बिचारा. फोन नसंन त्याच्यापाशी."

मी बुवांकडे गेलो. "बुवा, दामोदरला पास करून टाका."

"न आयकता?"

"मग नापास करा. तरी चालतं."

"न आयकता तं कोर्टबी शिक्षा देत नाई." आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तूच बस न. लिहिलं तूच आहे. आता आयकव."

असा मी दामोदर झालो. खरं म्हणजे नापास होऊन काम भागणार होतं. उभं राहायचं, चार वाक्यं बोलायची, खाली बसायचं. पण तालीम सुरू झाली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. बुवांनी सुदाम्याचं आख्यान दिलं. रविवारी ते शिकवायचे, इतर दिवशी मी घरी गॅलरीत उभा राहून घोकायचो. कंपनीच्या कागदावर 'ग्राहक प्रशिक्षण' अशी नोंद करायचो. चिपळ्या वाजवायला लागलो की खालच्या मजल्यावरचे वर बघायचे. सुदामा द्वारकेच्या वेशीवर पोहोचायचा तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला वाटायचं की आपण उगाच सॉफ्टवेअरमध्ये आलो. बायको म्हणायची, "सुदामा आला असंन तं दूध आना."

परीक्षा मी घरूनच दिली. झब्बा, उपरणं, पाठीमागे स्वच्छ चादर. सगळे विद्यार्थी श्रोते म्हणून बसलेले, सगळ्यांचे माइक अर्थातच उघडे. कंडक्टर डेपोतून, काकू मिरच्यांजवळून, बुवा कोठीपुढे. मी सुरुवात केली आणि एक शब्द चुकलो नाही. पोह्यांच्या पुरचुंडीचं वर्णन करताना बघतो तर बायको हातात झारा घेऊन दारात उभी. शेवटपर्यंत उभी राहिली. नंतर म्हणाली, "भाजीत मीठ टाकलं का नाई, तेच आठवून नाई राह्यलं मले." मीठ दोनदा पडलं होतं. मी ती भाजी हसत हसत खाल्ली आणि झोपताना मनातल्या मनात पहिला क्रमांकही घेतला.

सकाळी निकाल लागला. सगळे उत्तीर्ण, दामोदर उमरेडकर अनुत्तीर्ण.

मी गाडी काढली आणि तडक सक्करदऱ्याला गेलो. बुवा तुळशीला पाणी घालत होते.

"पाठांतर चुकलं का?" मी विचारलं.

"नाई. पक्कं होतं."

"आवाज?"

"बरा होता."

"मग नापास का केलं, बुवा?"

"तू कोनाकडं पाहून राह्यला होता?"

"कॅमेऱ्याकडे. म्हणजे प्रत्येकाला वाटावं की..."

"त्या भोकात कोन बसलं होतं?"

बुवांनी तांब्या तुळशीपाशी ठेवला. मग म्हणाले, "भिवापूरची डोळे पुसून राह्यली होती. पाह्यलं तू? कंडक्टरनं हात जोडले. पाह्यलं? म्या पगडी काढून ठेवली होती, मी कधी काढत नाई. ते तरी पाह्यलं?" मी काहीच पाहिलं नव्हतं. महिनोन्महिने मी या माणसाला छिद्रात बघायला शिकवत होतो.

सभेत निकाल मांडला गेला आणि ऑनलाइन वर्ग वाचला. सचिवांना अहवाल फारच आवडला. "एक फेल आहे न, म्हून रिपोर्ट खरा वाटते," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. आमच्या साहेबांनीही हेच वाक्य पुढच्या संस्थेत जाऊन वापरलं.

नापास विद्यार्थी पुढच्या तुकडीत आपोआप जातो. म्हणजे दामोदर पुन्हा पटावर, आणि मी पुन्हा रविवारी बुवांकडे. आता खरं तर मला जायचं काही कारण नव्हतं. पुढच्या तुकडीच्या वेळी त्यांना संमतीसाठी गळ घालता आली असती, नाहीतर साहेबांना सांगून अट बदलून घेता आली असती. मी दोन्ही केलं नाही. रविवारी सकाळी पोहे व्हायचे, मग तालीम, मग बुवा मला कोणीतरी चांगला श्रोता कसा होता ते सांगायचे. चांगल्या कीर्तनकारांबद्दल ते क्वचितच बोलायचे. श्रोते मात्र त्यांना गावानिशी आठवायचे, कोण कुठं बसायचा, कोणाला कुठल्या आख्यानाला रडू यायचं. एकदा त्यांनी एका बाईंची अशी नक्कल केली की मी हसून लोळलो, आणि मग कळलं की त्या त्यांच्या पत्नी होत्या.

दुसऱ्या परीक्षेत मी ठरवून पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. इतकं पाहिलं की आख्यान विसरलो. सुदामा घरी परतलाच नाही, द्वारकेतच राहिला. पुन्हा अनुत्तीर्ण. या वेळी मी वैतागून म्हणालोच, "बुवा, माझं वय झालं आता नापास व्हायचं. काठावर पास केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बुवांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "भिवापूरची पास झाली. आता गावोगाव तिचे कीर्तनं होऊन राह्यले. लेकीसारखी होती, आता फोन कराले सवड नाई तिले. चांगलं आहे, असंच व्हाव. कंडक्टर पास झाला, गेला. सारे पास झाले का जाते गा. नापास झालेलाच तेवढा परत येते."

इतकं सरळ कोणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. मी पोह्यांची बशी उचलून धुवायला घेऊन गेलो, कारण तिथं थांबलो असतो तर काहीतरी खुळ्या भैताडासारखं बोललो असतो. पण त्या दिवसापासून माझ्या नापास होण्याला एक दर्जा आला. ऑफिसात कोणी विचारलं, रविवारी काय करतोस, की मी छाती काढून सांगायचो, फेरपरीक्षेची तयारी.

तिसऱ्या तुकडीच्या वेळी बुवा आजारी पडले. आधी वर्ग बसून घ्यायला लागले, आणि ते पाहूनच मला कळायला हवं होतं. मग पलंगावरून. तरी पट स्वतः वाचायचे आणि दामोदरच्या नावाला मी जवळून "हजर" म्हणायचो. मुलगा पुण्याहून आला होता, तिकडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "परीक्षा राह्यली आहे तुही," म्हणाले.

मी पलंगाजवळ उभा राहिलो. लॅपटॉप कोठीवर होता, बाकीचे त्यात श्रोते म्हणून बसलेले, पण मला तिकडे पाहायचं सुचलं नाही. मी बुवांकडे पाहून बोलत राहिलो. कीर्तन म्हणाल तर त्याचा पार झांगडगुत्ता झाला. पूर्वरंग मध्येच तुटला, चिपळी हातातून सुटून पलंगाखाली गेली, सुदाम्याच्या बायकोचं बोलणं मी कृष्णाच्या तोंडी घातलं. बुवा हसायचे, खोकायचे, पुन्हा हसायचे. जयजयकार मी एकट्याने केला आणि लॅपटॉपमधून एकेक आवाज येत राहिला. शेवटचा येईपर्यंत बुवांनी हात वर धरून ठेवला होता. नमस्कार करून मी निघालो. मनात म्हटलं, आता तर शंभर टक्के नापास, बरे होऊन आले की पुढची तालीम.

चौकात चहाला थांबलो तोच फोन वाजला. सॉफ्टवेअरचा संदेश, माझ्याच हाताने लिहिलेला. 'अभिनंदन! आपण उत्तीर्ण झाला आहात. आपला अभ्यासक्रम पूर्ण झाला.'

चहा तसाच ठेवून मी परत फिरलो. बुवा डोळे मिटून पडले होते. मुलगा आत पिशवी भरत होता. माझ्या चपलांच्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले.

"बुवा, कीर्तन वाईट झालं," मी म्हणालो.

"लइच वाईट झालं."

"मग पास काहून केलं?"

"पुन्हा आयकाले मी नसीन गा," बुवा म्हणाले. त्यात दुःख नव्हतं, गाडी किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगितलं. "तुले उगाच पटावर कायले ठेवू?"

पलंगाची कड धरून मी खाली बसलो. इतके महिने मी ज्यासाठी भांडलो होतो ते मला मिळालं होतं, आणि ते परत कसं करायचं याची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी केलेली नव्हती.

"मले नापासच ठेवा, बुवा," मी म्हणालो.